बिनमाशीची पंगत

धारवाडच्या सप्तापुरात कॉलेजच्या मुलांना जेवू घालणाऱ्या चार-पाच घरगुती खाणावळी होत्या. त्यांत गोदावरीबाई गलगलींची सगळ्यांत लहान. अकरा पानांची. बारावं पान मांडायचं तर ते माजघराच्या उंबऱ्यावरच मांडावं लागलं असतं. मुलं तिला गोदक्का म्हणत आणि घरच्या पत्रात लिहिता येत नाहीत अशा गोष्टी भाकरीची वाट बघताना तिला सांगून टाकत. कुणाचं गणित बुडणार आहे हे मास्तरांच्या आधी तिला कळायचं.

गोदक्काचं माहेर कलघटगीचं. तेराव्या वर्षी ती बाळाचार्यांशी लग्न होऊन या घरी आली, त्याला आता बत्तीस वर्षं झाली होती. आचार्य लग्नमुंजी लावत, नेमधर्म कडक पाळत. मूलबाळ झालं नाही. त्याबद्दल ती कधी कुणाजवळ बोलली नाही. फक्त दिवाळीच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीला मुलं आपापल्या गावी गेली की ती दोन दिवस नीट जेवत नसे. भूक नाही, एवढंच म्हणायची. तिसऱ्या दिवशी अकरा पाट धुऊन उन्हात टाकायची आणि मग जेवायला बसायची.

एकोणीसशे छत्तीस सालच्या आषाढात त्या घरात माश्या झाल्या. माश्या दरवर्षी व्हायच्याच, पण त्या वर्षी भातावर वरण पडायच्या आत माशी पडू लागली. धारवाडची ती बारीक, न थांबणारी झडी लागलेली, ऊन नाही, त्यामुळे त्या बाहेर म्हणून जाईनात. प्रभंजन नावाचा एक वात्रट मुलगा होता. तो एकदा हात धुता धुता म्हणाला, "अक्का, आज आम्ही अकरा होतो. बाकीचं बिल माश्यांच्या नावानं फाडा." मुलं हसली. गोदक्काही हसली, पण उष्टी काढताना तिनं पानांवरच्या माश्या मोजल्या.

मग मधुकरला हगवण लागली. मधुकर गदगच्या गुरुराज वकिलांचा मुलगा. आठ दिवस आपल्या खोलीवर अंथरुणात होता, गोदक्कानंच त्याला पेज करून घातली. डॉक्टरांनी सगळं विचारून घेतलं आणि जाता जाता म्हणाले, जिथं जेवतोस तिथं माश्या आहेत का? मधुकरनं भिंतीकडं तोंड फिरवलं. डॉक्टरांनी काय समजायचं ते समजून घेतलं आणि ते वकिलांना कळवलं.

वकिलांचं पत्र आलं ते गोदक्काच्याच नावानं. अक्षर वळणदार, भाषा सभ्य. मुलाची शुश्रूषा केल्याबद्दल आभार मानले होते. पुढं लिहिलं होतं, नागपंचमीनंतरच्या रविवारी मी येतो आणि मुलांच्या पंगतीला बसतो. पानावर माश्या बसताना दिसल्या तर मधुकरला त्याच दिवशी दुसरीकडे नेईन. गदगची आणखी चार मुलं तुमच्याकडे आहेत, त्यांच्या वडिलांनीही निर्णय माझ्यावर सोपवला आहे.

गोदक्कानं पत्र दोनदा वाचलं. अकरातले पाच गेले म्हणजे उरलेले सहाही फार दिवस टिकणार नव्हते. माश्यांचं घर असं एकदा नाव पडलं की पुढच्या जूनमध्ये नवा मुलगा दारात उभा राहत नाही. ती माजघरात भिंतीला टेकून ठेवलेल्या पाटांकडे बघत राहिली. रविवारला अठरा दिवस होते.

पहिले पाच-सहा दिवस लोकांनी सांगितलेला प्रत्येक उपाय तिनं केला. कडुनिंबाचा ओला पाला निखाऱ्यावर टाकून सगळ्या घरात धूर केला. माश्या गेल्या, मुलंही डोळे पुसत बाहेर गेली. धूर विरला, मुलं परत आली आणि त्यांच्या मागोमाग माश्याही. वेखंड उगाळून त्या पाण्यानं फरशी पुसली. गवती चहाची पाती चुरडून उंबऱ्यावर पसरली. कुणी तरी सांगितलं म्हणून लिंबाच्या फोडींत लवंगा टोचून त्या पंगतीत मांडल्या. लिंबावर माशी बसली नाही हे खरं. ती लिंबाच्या शेजारी बसली. या सगळ्या गोष्टींचा गुण येत होता, नाही असं नाही, पण तो घटकाभराचा. पाहुण्याला दार लावून घेतलं तर तो थोडा वेळ अंगणात थांबतो, तसं ते होतं.

सातव्या दिवशी तिनं एका रिकाम्या बाटलीत गुळाचं पाणी घातलं आणि तोंडाशी कागदाची निमुळती नळी बसवली. वरून रुंद, खाली बारीक. वासानं माशी आत उतरते, पण बाहेर यायची बारीक वाट तिला सापडत नाही. तिच्या माहेरी कोठाराजवळ अशी बाटली ठेवत. संध्याकाळपर्यंत बाटली काळी झाली. गोदक्काला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी बाटली धुऊन पुन्हा लावली, पुन्हा तेवढीच काळी. तिसऱ्या दिवशीही तेच.

त्या संध्याकाळी ती बाटली हातात धरून बराच वेळ बसली होती. इतक्या मारल्या तरी कमी होत नाहीत, म्हणजे या कालच्या नव्हेत. रोज नव्या येताहेत. आणि रोज नव्या येताहेत तर जवळच कुठं तरी रोज जन्मताहेत. आपण दार लावत बसलो, घर कुठं आहे ते बघितलंच नाही.

मग तिनं पाच बाटल्या गोळा केल्या. सगळ्यांत सारखंच पाणी, सारखाच गूळ. एक ओटीवर ठेवली, एक माजघरात, एक मोरीजवळ, एक परसात शेणीच्या ढिगाजवळ आणि एक स्वयंपाकघराच्या मागच्या खिडकीत. तिचा संशय शेणीच्या ढिगावर होता. पण संध्याकाळी बघितलं तर ढिगाजवळच्या बाटलीत बोटांवर मोजण्याइतक्या माश्या, आणि खिडकीतल्या बाटलीत पाणी दिसत नव्हतं.

खिडकीखाली घराच्या मागच्या बोळात एक दगड होता. आचार्यांच्या वडिलांनी बसवलेला, मधोमध थोडा खोलगट. रोज दुपारी वैश्वदेवाची आहुती देऊन झाली की आचार्य तूपवरणभाताचा एक मोठा गोळा आणून त्या दगडावर ठेवत. तो गोग्रास, गाईचा वाटा. तो ठेवल्याशिवाय घरात कुणी जेवत नसे. पलीकडच्या आळीतल्या शेवंताची गौरव्वा गाय बाराच्या ठोक्याला येऊन तो खाऊन जायची. त्या दगडाला आचार्यांशिवाय कुणी शिवायचं नाही, खरकट्याचा झाडू तिकडं न्यायचा नाही, ही घराची रीत. केरवाली तो दगड सोडून झाडायची. गोदक्कानं सगळं घर तीनदा घासलं होतं, पण त्या दगडाकडं तिचंही लक्ष गेलं नव्हतं. देवघराकडं जसं कुणी संशयानं बघत नाही, तसंच ते होतं.

ती बोळात गेली आणि वाकली. दगड आणि भिंत यांच्यामध्ये चार बोटांची फट होती. त्या फटीत ओला, आंबलेला भात साचला होता आणि तो भात हलत होता. पांढऱ्या अळ्या. असल्या उबदार ओलीत अंड्याची माशी व्हायला आठ-दहा दिवस पुरतात, आणि इथं रोज नवा भात पडत होता.

गोदक्का तशीच शेवंताकडं गेली. शेवंता दूध काढत होती. तिनं मान न वळवता सांगितलं, "चैत्रात व्याली की अक्का. वासरू सोडून जात न्हाई, आन् मीबी बांधूनच ठेवते. आचार्यांचा घास कोण खातंय मला काय ठावं."

कावळे थोडा उचलत, कुत्रं थोडा खाई, बाकीचा पावसानं घसरून फटीत. आचार्य गोळा ठेवून लगेच आत वळायचे, कारण मुलं पानावर ताटकळत असायची. संध्याकाळी दगड मोकळा दिसायचा. चार महिने त्यांना वाटत होतं की गाय येऊन जाते.

आता हे त्यांना सांगायचं कसं? बत्तीस वर्षांत तिनं त्यांच्या पूजाअर्चेबद्दल एक शब्द बोललेला नव्हता. माश्या तुमच्या गोग्रासातून येतात असं म्हटलं असतं तर ते आठवडाभर बोलले नसते, आणि आठवडाच तर हातात होता. रात्रीच्या जेवणाआधी ती त्यांना फक्त म्हणाली, "अहो, जरा बोळात येता? मला एक विचारायचंय."

आचार्य कंदील घेऊन आले. तिनं बोट दाखवलं. त्यांनी वाकून बघितलं आणि कंदील फटीजवळ नेला.

"गौरव्वा चैत्रापासून आलेली नाही," गोदक्का म्हणाली. "मला शास्त्र कळत नाही. पण गाईनं खाल्ला नाही तर तो गोग्रास झाला का?"

आचार्यांनी कंदील खाली टेकवला. ती आत जाऊन पाणी तापवायला लागली. थोड्या वेळानं फटीतलं काढायला ती खराटा घेऊन गेली तेव्हा ते म्हणाले, "तू हात लावू नको." तिला वाटलं, रागावले. पण त्यांनी धोतर खोचलं, दगडाखाली पहार घातली आणि वडिलांनी बसवलेला तो दगड एकट्यानं उचकटून बाजूला केला. साठीचा माणूस, धापा टाकत होता. आतलं सगळं खरवडून त्यांनी परसाच्या टोकाला खड्ड्यात पुरलं, उकळतं पाणी ओतलं, दगड राखेनं घासला. जेवायला बसले तेव्हा एवढंच म्हणाले, "चार महिने ती उपाशी राहिली." गाईला शेवंता चारा घालत होती हे गोदक्काला माहीत होतं. तिनं त्यांना आणखी भात वाढला.

दुसऱ्या दिवसापासून आचार्य गोळा हातात घेऊन शेवंताच्या गोठ्यापर्यंत चालत जाऊ लागले. गायीनं तोंड लावलं की मागं फिरायचं, रस्त्यावरून आल्यामुळं सोवळं मोडलं म्हणून पुन्हा दोन घागरी अंगावर घ्यायच्या, मग पंगत. पंगत अर्धा तास लांबली. मुलं कुरकुरली. गोदक्कानं कडुनिंब आणि बाटल्या चालूच ठेवल्या, कारण जन्मलेल्या माश्या जिवंत होत्याच. पण आता बाटली रोज थोडी उजळ दिसायची. पंचमीच्या दिवशी मुलांना लाडू वाढताना तिला खिडकीतल्या बाटलीचा तळ दिसला.

रविवारी गुरुराज वकील आले. उंच, करड्या मिशांचे, छत्री मिटवून कोपऱ्यात ठेवणारे. त्यांचं पान मधुकरच्या शेजारी, उंबऱ्यावर मांडलं. बारावं पान. गोदक्कानं मीठ, कोशिंबीर, भाजी, भात, वरण, तूप वाढलं. आचार्य गोग्रास घेऊन गेलेलेच होते, आता येतील अशा हिशेबानं.

ते येईनात. नेमकं त्याच दिवशी शेवंतानं गौरव्वाला वासरासकट माळावर सोडलं होतं, आणि आचार्य भाताचा गोळा घेऊन झडीत तिला शोधत फिरत होते, हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. पानं वाढलेली. घरधन्याशिवाय कुणी जेवणार नाही. वकिलांनी घड्याळ काढून बघितलं. मधुकरनं मान खाली घातली. गोदक्का दाराआड उभी राहून बारा पानांवरून एक-एक करून नजर फिरवत होती, आणि पुन्हा पहिल्यापासून. भातावरचं तूप थिजायला लागलं.

एक माशी आली. ती छतावरून खाली उतरली, वकिलांच्या पानावर एक फेरी घेऊन त्यांच्या छत्रीवर जाऊन बसली. वकिलांनी तिच्याकडं बघितलं, मग दाराकडं.

"गोदावरीबाई," ते म्हणाले, "पानं वाढून अर्धा तास झाला. वाढलेलं उघडं आहे आणि माशी एक. ती बहुधा माझ्याबरोबर रेल्वेतून आली असावी. माझ्या घरी एवढ्या वेळात मी पंधरा हाकलतो. तुम्ही औषध कुठलं घातलंत?"

गोदक्का दाराआडून पुढं आली. एवढ्यात मागच्या दारानं आचार्य आले. धोतर गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेलं, केसांतून पाणी गळत होतं. त्यांनी पाहुण्यांकडे बघितलंसुद्धा नाही.

"खाल्लं तिनं," ते बायकोला म्हणाले. "दोन घागरी घेतो. आलोच."

वकिलांना काही उलगडा झाला नाही. मुलांनी तो जेवताना एकाच वेळी सगळ्यांनी मिळून केला. वकील दोनदा भात घेऊन जेवले, आणि गदगच्या चार घरांना सांगायचं ते तिथंच बसून पत्रात लिहून मधुकरकडून टपालात टाकवलं.

पुढं सप्तापुरातल्या बायका गोदक्काला माशीवरचा उपाय विचारायला येत. ती वेखंड सांगायची, कडुनिंब सांगायची, बाटलीची नळी करून दाखवायची, आणि मग विचारायची, तुमच्याकडं अशी कुठली जागा आहे जिथं कुणी हात लावत नाही? बऱ्याच जणींना तो प्रश्न आवडायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीला अकराही मुलं गेली. घर नेहमीसारखं रिकामं झालं. पहिल्या दिवशी दुपारी आचार्य गोठ्यावरून आले, दोन घागरी अंगावर घेतल्या आणि पाटावर बसले. समोरचा पाट रिकामा होता. त्यांनी हाक मारली. गोदक्का भूक नाही म्हणायला बाहेर आली, पण परसात उन्हात टाकलेले अकरा पाट त्यांनीच धुतले होते हे तिच्या लक्षात आलं. तिनं आपलं पान वाढून घेतलं.