निगेटिव्हची साक्ष

पेडण्याच्या बाजारातला जयरामकाकांचा फोटो स्टुडिओ बंद झाला, पण त्यांचा फिल्मचा कॅमेरा काही सुटला नाही. छत्तीस फोटोंचा कृष्णधवल रोल महिनाभर पुरवायचा, न्हाणीघरात अंधार करून स्वतःच धुवायचा. विषय एकच, पाखरं. डिजिटल फोटोवर त्यांचा काडीचाही विश्वास नव्हता.

मांद्र्याची गौरवी बँकेत नोकरी करायची. तिनं कोरगावच्या व्हाळावर, ओढ्याकाठी काढलेला तिबोटी खंड्याचा फोटो त्यांना दाखवला. मुठीएवढं पाखरू, चोचीत सापसुरळी, एकेक पीस मोजून घ्यावं असं स्वच्छ.

काकांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "दोन फोटो जोडलेस गो बाय. पाखरू एका फोटोतलं, सापसुरळी दुसऱ्यातली."

गौरवीनं कार्डावरचा मूळ फोटो उघडला, तारीख-वेळ दाखवली.

"तारीख काय, घड्याळ फिरवलं की बदलते. निगेटिव्ह आहे?"

"डिजिटलला निगेटिव्ह कुठली, काका? रविवारी चला. तुम्हीच काढा."

रविवारी सकाळी काका व्हाळावर पोचले आणि आधी काठावरचे दगड उलथू लागले. मग प्रत्येक फांदीवरून बोट फिरवलं.

"काय शोधताय?"

"धागा."

"कसला धागा?"

काका काजूच्या बुंध्याशी टेकले. "बक्षीस मिळालेला माझा खंड्याचा फोटो आहे ना? त्यातला मासा मी धाग्यानं फांदीला बांधला होता. धागा पानाआड लपवला."

"आणि निगेटिव्ह?"

"निगेटिव्ह अस्सल होती."

गौरवी काही बोलणार तोच बारीक शीळ आली. खंड्या समोरच्या फांदीवर टेकला. चोचीत सापसुरळी वळवळत होती. काकांनी बटण दाबलं. खटकन आवाज झाला आणि पाखरू उडालं.

गौरवीच्या कॅमेऱ्याचा आवाजच आला नव्हता. काकांनी डोळे बारीक केले. "तू काढलाच नाहीस!"

तिनं कॅमेऱ्याचा पडदा पुढं धरला. एकाच बैठकीचे चाळीस फोटो. काकांनी ते दोनदा मागेपुढे करून बघितले.

संध्याकाळी त्यांनी रोल धुतला. ओली पट्टी दिव्यासमोर धरून भिंग लावलं. पंख हलला होता, डोळा नीट आला नव्हता. पण चोचीखाली शेपटी लोंबत होती.

सोमवारी बँक उघडताच काका गौरवीच्या खिडकीशी उभे राहिले. त्यांनी पट्टी काचेला लावली.

"तुझा फोटो खरा. उगाच संशय घेतला मी."

"आणि तुमचा?"

"हलला." काका जरा घुटमळले. "डिजिटलचा तो आवाज बंद कसा करतात, दाखवशील? पाखरू बिचकत नाही, एवढं मात्र त्यात आहे."

"दाखवते की. रविवारी या."

"येतो. पण तारीख-वेळ मी माझ्या वहीत लिहिणार. तुझ्या कॅमेऱ्याचं काय सांगावं!"