आधी वाचून दाखवा

माझ्या कपाटातला एक खण हल्ली बंद होत नाही. त्यात कपडे नाहीत, कागद आहेत. "हे काढा", "असं नाहीये ते", "हे तुम्हाला कोणी सांगितलं?" असं म्हणत लोकांनी परत केलेले कागद. सून म्हणते, आई, रद्दीत देऊया. मी म्हणते, देऊया. पण एक कागद हातात घेतला की त्याचा किस्सा आठवतो, तो सांगून होईतो दुसरा हाताला लागतो, आणि रद्दीवाला कंटाळून खाली निघून जातो. असं दोनदा झालंय.

मी कोण ते आधी सांगते. एका औषध कंपनीच्या पब्लिसिटी खात्यात तीस वर्षं काढली आणि रिटायर झाले. घरात बसायचा स्वभाव नाही, म्हणून मीरा रोडला आमच्या पूनम सागरच्या सोसायटीच्या हॉलमध्ये दर शनिवारी दुपारी एक उद्योग सुरू केला. मास मीडिया शिकणारी, नाहीतर नुकतीच शिकून झालेली मुलं येतात. आपल्या भागातल्या ज्या छोट्या संस्थांना पब्लिसिटी परवडत नाही, त्यांच्यासाठी आम्ही फुकट प्रेसनोट लिहितो, फोटो काढतो, पोस्टर करतो. मुलांना काम शिकायला मिळतं, संस्थेचं नाव पेपरात येतं, आणि मला ओरडायला माणसं मिळतात.

नियम एकच. ज्याच्याबद्दल लिहिलं, त्याला आधी वाचून दाखवायचं. फोटोखालची एक ओळ असली तरी. त्याने मान डोलावल्याशिवाय कागद पुढे जाणार नाही. पेपरातले माझे जुने मित्र यावर हसतात. म्हणतात, बातमीदार असं करत बसला तर पेपर निघेल का? बरोबर आहे त्यांचं. पण आम्ही बातमीदार नाही, आम्ही दुसऱ्याच्या वतीने बोलतो. ज्याच्या वतीने बोलायचं, त्याला विचारायला नको?

आणि हा नियम काही मला सुचलेला नाही. तो घरी चालत आला.

*

पहिल्याच वर्षीची गोष्ट. एका वृद्धाश्रमासाठी मी स्वतः फोटो काढला होता. खिडकीत बसलेली आजी, पांढरेशुभ्र केस, तोंडावर ऊन. खाली मी लिहिलं, "निराधार डोळ्यांतला आशेचा किरण." इथल्या साप्ताहिकात पहिल्या पानावर आला. मी तीन दिवस हवेत.

चौथ्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात तीच आजी. मागे दोन दांडगे मुलगे आणि एक सून. आजी त्या आश्रमात राहत नव्हतीच. दर गुरुवारी भजन शिकवायला जायची आणि दमली म्हणून खिडकीत बसली होती.

मी आत या म्हटलं. आजी उंबऱ्यातच उभी राहिली आणि हात करून म्हणाली, "हे बघा बाई, माझे आधार. दोन इथे आहेत, तिसरा खाली पार्किंग शोधतोय."

मी माफी मागितली. तिसऱ्या मुलाला पार्किंग मिळाल्यावर त्याचीही मागितली. चहा घेऊन गेले बिचारे.

*

आता अंकिताची ओळख करून द्यायला हवी. अंकिता कांबळे. आईवडील मूळचे परभणीकडचे, वडील कुरिअर कंपनीत सुपरवायझर. या लाइनला त्यांच्या घरातलं कोणी गेलेलं नाही. वडिलांनी तिला स्पष्ट सांगितलं होतं, "बेटा, दिवाळीपर्यंत बघ. नोकरी लागली तर आनंदच आहे. नाही लागली तर बँकेच्या परीक्षेचा फॉर्म भरायचा."

वाईट काय बोलला माणूस? पण हिला बँकेत बसायचं नव्हतं, लिहायचं होतं. इंटरव्ह्यूला गेली की सगळे म्हणायचे, काम दाखवा. बाकीच्या मुलांच्या फाइली ही एवढ्या जाड. हिच्या फाइलीत चार कागद. कारण आमचा नियम ती माझ्यापेक्षा कडक पाळायची. एक नोट चार जणांना वाचून दाखवायची असेल, तर ही चौथा माणूस गावाहून येईपर्यंत थांबणार. मला तिची काळजी वाटायची, आणि ती मी ओरडून दाखवायचे.

*

दुसरा आमचा ऋत्विक. मुलगा हुशार, पण लिहायला लागला की रडवल्याशिवाय थांबत नाही. उत्तनला कोळणींचा एक गट आहे, ओली-सुकी मासळी एकत्र विकतात. त्यांच्यावर त्याने अशी नोट लिहिली की हॉलमध्ये दोन मुलींनी डोळे पुसले. "दारिद्र्याच्या लाटांशी झुंजणारी फिलोमिना" असं काहीतरी होतं.

गेला उत्तनला वाचून दाखवायला. फिलोमिना मावशी बोंबील उलटत होत्या. शांतपणे सगळं ऐकलं. मग म्हणाल्या, "दारिद्र्य म्हंजे गरिबीच ना?"

"हो मावशी."

"माज्या घरच्या दोन होड्या हायत. पोरगी नर्स हाय. गरीब कोन हाय, तू?"

ऋत्विकच्या पायात त्या दिवशी तुटकी चप्पल होती. ती मागे ओढत त्याने विचारलं, "मग काय लिहू?"

"लिव, बायकांना मोठा फ्रीजर पायजेल. बाकी काय न्हाय."

त्याने चिडून तेवढंच लिहिलं. "उत्तनच्या बायकांना मोठा फ्रीजर हवाय." आमच्या हॉलमधून गेलेली सगळ्यात छोटी नोट. दोन आठवड्यांत फ्रीजर आला. ऋत्विकला मावशींनी पिशवीभर सुके बोंबील दिले. घरी आई शाकाहारी, म्हणून तो पिशवी घेऊन माझ्याकडे आला. आमच्या मजल्यावर चार दिवस कोणी लिफ्टने आलं नाही.

*

राई गावात रक्तदान शिबिर होतं. भरवणारे म्हात्रे काका. माणूस दिलदार, गावात शब्दाला वजन. त्यांचा भाचा एका मोठ्या पीआर कंपनीत होता. अंकिताला म्हणाले, "चांगली दणक्यात बातमी कर. भाच्याला सांगून तुला चिकटवतो तिथं."

अंकिताने नोट लिहून त्यांना वाचून दाखवली. सदतीस जणांनी रक्त दिलं.

"सदतीस काय लिवतेस? शेकडो लिव. कोन मोजाय बसलंय?"

"मी बसले होते काका."

काकांचं तोंड उतरलं. भाच्याची आठवण त्यांनी पुन्हा एकदा करून दिली. अंकिताला कळत होतं काय चाललंय ते. ती म्हणाली, "आकडा तोच राहील. पण सगळ्यांची नावं छापूया का? गावाला बरं वाटेल." काका कुरकुरत हो म्हणाले.

आता नावं छापायची म्हणजे प्रत्येकाला विचारणं आलं. पोरीने राईत तीन संध्याकाळी घरोघर फिरून विचारलं. छत्तीस जण खूश. सदतिसावा म्हणाला, "माझं नको ताई. बायकोला वाटतंय मी तेव्हा ऑफिसात होतो."

झालं. साप्ताहिकात आलं, "सदतीस जणांचं रक्तदान", आणि खाली नावं छत्तीस. राईतल्या बायकांनी नावं मोजली! नाव लपवणारा तो एक कोणाचा नवरा? ज्याचं नाव यादीत नाही असा प्रत्येक नवरा त्या रविवारी घरात उभा राहून उत्तरं देत होता. सगळ्यात जास्त गोंधळ म्हात्रे काकांकडे. कारण यादीत काकांचं नाव नव्हतं, आणि सदतिसावे ते नव्हतेच. दिवसभर माइकवर "रक्तदान करा, रक्तदान करा" सांगताना स्वतःचं द्यायचं राहून गेलं होतं.

काकूंनी दुसऱ्या दिवशी त्यांना रक्तपेढीत नेऊन बसवलं. भाच्याचा विषय मात्र काकांनी परत काढला नाही. अंकितानेही नाही.

*

चेणे गावात एक छोटं वाचनालय आहे. ऋत्विक तिथे मुलांचे फोटो काढायला गेला, तर एक मूल नाही. गावात हळद होती, सगळी पोरं तिकडे. फोटो तर त्याच दिवशी द्यायचा. याने काय करावं? हळदीला निघालेल्या ग्रंथपालाकडून चार पुस्तकं घेऊन पिशवीत घातली, मीरा रोडला घरी आला, बिल्डिंगच्या कंपाउंडमधली मुलं रांगेत बसवली आणि काढला फोटो. खाली ओळ, "वाचनात रमलेली चेण्याची मुलं."

मी म्हटलं, "सुंदर. आता मुलांना वाचून दाखव."

त्याच्या डोळ्यांत मला शिव्या दिसल्या, पण गेला. फोटोत सगळ्यात पुढे हेतवी नावाची एक तिसरीतली मुलगी होती. ती म्हणाली, "भैया, चेणे किधर है? हम तो बी विंग में रहते हैं." आणि वर, "किताब आपने बीच में ही खींच ली. शेर का क्या हुआ?"

शेवटी पेपरात, त्याने निघताना सहज काढलेला वाचनालयाच्या बंद दाराचा फोटो गेला. दारावर खडूने लिहिलं होतं, "आज हळद आहे. उद्या या." लोकांना तोच आवडला. आणि ऋत्विक वाघाचं काय झालं ते वाचायला कंपाउंडमध्ये गेला, तो अजून दर रविवारी जातोय. हेतवी त्याला सोडतच नाही.

*

दिवाळीला तीन आठवडे राहिले तेव्हा अंकिताला अंधेरीच्या एका कंपनीतून बोलावणं आलं. सोबत शिफारसपत्र हवं होतं. मी लिहिलं, अगदी मनापासून लिहिलं, आणि मेल करायला बसले तर ही समोर खुर्ची ओढून बसली.

"मॅडम, वाचून दाखवा."

मी गुमान वाचायला लागले. "कुमारी अंकिता कांबळे अत्यंत प्रामाणिक, कष्टाळू, वेळेची पक्की..."

"वेळेची पक्की काढा."

"अगं, सगळ्यांच्या पत्रात असतं ते."

"मी दर शनिवारी वीस मिनिटं उशिरा येते. तुम्हीच ओरडता."

मी समजावलं, दटावलं, तुझ्या वडिलांचा तरी विचार कर म्हटलं. ती खाली मान घालून बसली, पण हलली नाही. शेवटी म्हणाली, "उशिरा येते, पण काम संपवल्याशिवाय जात नाही, असं लिहा. ते खरं आहे."

तसं लिहिलं. खरं सांगते, त्या दिवशी मला तिचा अभिमानही वाटला आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली. मेल गेल्यावर मी देवापुढे दिवा लावला, आणि ही पोरगी समोर बसून खारी खात होती.

*

नोकरी लागली. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर तुमचं लक्ष तिकडेच राहील. पण तिथे काय झालं ते तिने पुढच्या शनिवारी आम्हाला सांगितलं, तो माझा सगळ्यात लाडका किस्सा.

आठ उमेदवार होते. प्रत्येकाला कंपनीचं माहितीपत्रक दिलं आणि सांगितलं, यावरून आमच्या देसाई सरांवर दीडशे शब्द लिहा, एक तास. देसाई सर म्हणजे कंपनीचे मालक, साठीच्या पुढचे. तास संपला, सात जणांनी कागद रिसेप्शनवर दिले आणि गेले. अंकिताने दिला नाही.

"सरांना वाचून दाखवायचाय," ती म्हणाली.

रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, "अगं, टेस्ट आहे ही. ठेव आणि जा. सर मीटिंगमध्ये आहेत."

"मी थांबते."

बारा वाजल्यापासून बसली. तिला आत कोणी बोलवेना, ही उठेना. मध्ये वडिलांचा फोन आला, काय झालं म्हणून. ही म्हणाली, अजून चालू आहे. साडेचारला देसाई सर चहासाठी बाहेर आले, तशी ही उभी राहिली.

"सर, तुमच्यावर लिहिलंय. तुम्हाला वाचून दाखवल्याशिवाय मला देता येत नाही."

सर गमतीने म्हणाले, "वाच." कप हातात घेऊन तिथेच उभे राहिले. ऑफिसही बघायला लागलं.

ती वाचत गेली. शिक्षण, पहिली नोकरी, सगळ्याला सर मान डोलावत होते. मग ती ओळ आली. "एकट्याच्या हिमतीवर त्यांनी ही कंपनी उभी केली."

"हे कुठून घेतलंस?"

"तुमच्याच माहितीपत्रकातून, सर. पान दोन."

सरांनी कप रिसेप्शनच्या टेबलावर ठेवला. अंकिताला वाटलं, संपलं, आता बँकेचा फॉर्म.

"पहिली सहा वर्षं टेबल एकच होतं," सर म्हणाले. "पण खुर्च्या दोन होत्या."

"दुसऱ्या खुर्चीवर कोण होतं, सर?"

सर म्हणाले, "शोभना."

अंकिता म्हणते, ऑफिसात कोणालाच ते नाव माहीत नसावं, कारण सगळे एकमेकांकडे बघत होते. तिने "एकट्याच्या" खोडलं, वर "आपल्या आणि शोभना यांच्या" असं लिहिलं आणि ती ओळ परत वाचून दाखवली. सरांनी ऐकलं. मान डोलावली. मग कागदासाठी हात पुढे केला.

हिने कागद मागे घेतला.

"सर, आता यात शोभना मॅडमपण आहेत. त्यांनाही वाचून दाखवावं लागेल. त्यांचा नंबर मिळेल का?"

रिसेप्शनवरची मुलगी घाईघाईने कॉम्प्युटरमध्ये शोधायला लागली. देसाई सरांनी तिला हाताने थांबवलं, आणि मोबाइल खिशातून न काढता, अंकिताकडे बघत, दहाच्या दहा आकडे सांगितले.