इंपालाची सलग सीट

नगरला सावेडीत आमचं गॅरेज, त्याच्या मागेच घर. पुढे बाप्ये बसलेले असले की मी चहा दाराच्या आतूनच देते. शाळा चौथीपर्यंत झाली. बोलण्यापेक्षा शिवण बरं वाटतं, म्हणून उन्हाळ्यात लोकांच्या गोधड्या शिवते.

एका साली अण्णांची जुनी अमेरिकन इंपाला आमच्याकडे दुरुस्तीला आली. अण्णा पुणतांब्याचे, गाडी त्यांच्या वडिलांनी घेतलेली. मागे सहा गोल तांबडे दिवे, आणि बोनेट एवढं रुंद की त्यावर पापड वाळत घालावेत. येईल त्याला अण्णा तिची कूळकथा सांगत. "आधी दुसऱ्याच एका गाडीचं नटवलेलं रूप म्हणून निघाली. मग स्वतःच्या नावावर चालली. अमेरिकेत घरोघरी हीच. दरवर्षी नवं तोंड. पेट्रोल महागलं तशी आखूड झाली. मध्ये बंद पडली, परत आली. आता तिकडेही बनत नाही."

अण्णांच्या नातीचं लग्न तोंडावर आलं होतं. लहानपणी ती पुढच्या लांब सीटवर आजी-आजोबांच्या मधे बसायची. पाठवणीही तशीच, पुढे आजोबा आणि नवरदेवाच्या मधे बसून, हा तिचा हट्ट. पण त्या सीटचं कापड पार फाटलेलं. पुण्याच्या कारागिराने फोनवर सांगितलं, असली सलग सीट आता कोणी शिवत नाही, दोन खुर्च्या बसवून देतो.

अण्णांनी फोन ठेवला. आमचे हे म्हणाले, "नाइलाज हाय, अण्णा."

"मी शिवते," मी दाराआडून म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

हे हसले. "अगं, गोधडी न्हाई ती. गाडी हाय."

"शिवू दे की," अण्णा म्हणाले. "फाटलेलीच आहे, आणखी काय फाटणार?"

चूक झाली ती गोधडीवालीनेच करावी अशी. गोधडी आम्ही कडेने धरतो आणि फिरत फिरत मधे येतो. सीटही मी तशीच शिवली. चढवून बघते तर नेमकं मधे, नवरी बसायची तिथंच, कापड गोळा होऊन बोचकं झालेलं.

"बसवा आता नवरीला टेकडीवर," हे म्हणाले, आणि अण्णांच्या घरीही ही थट्टा पोचवली.

तीन दिवसांचं शिवण उसवलं. रडू येत होतं, पण हात थांबवले नाहीत. नवं निघालं, मग त्याच्या खालचं जुनं फाटकं रेक्झिनही सोललं. त्याखाली एक निळं कापड निघालं, विरलेलं, पण शिवणीची भोकं जशीच्या तशी. मागून पुढे, सरळ ओळी. ते मी नव्या कापडावर अंथरलं, प्रत्येक भोकातून खडूची खूण केली आणि त्या खुणांवर दाभण चालवलं.

अण्णांनी सीटवर हात फिरवला. एकेका ओळीवरून बोट नेलं. "वडिलांनी आणली तेव्हा अशीच होती," एवढंच बोलले.

पाठवणीला चाकावर अण्णा, मधे नवरी, पलीकडे नवरदेव. सगळी वरात गाडीभोवती.

कुणीतरी यांना विचारलं, "सीट पुण्याहून केली का मुंबईहून?"

हे तोंड उघडणार तोच मी म्हणाले, "नगरहून. मी शिवली."

"व्हय," हे मोठ्यानं म्हणाले, "हिनंच!"

नवरीने खिडकीकडे वाकून मला हाक मारली. "काकू, टेकडी न्हाई झाली बरं का!"

सगळे हसले, माझ्याकडे वळून बघायला लागले. पदर पुढे ओढायचं मला आठवलंच नाही.