नव्वद दिवसांची साफसफाई

माझे बॉस अग्रवाल सर माझ्या पाठीवर थाप मारत होते, नेमका तेव्हाच बाबांचा फोन आला.

"काऊन गा, तुह्या ऑफिसात इंटरनेट चालते ना?"

"चालतं की. का?"

"मंग इथी काऊन नाई चालून राहिलं? आठ वाजतापासून उभा आहो. एकाचाबी धान ऑनलाइन नाई झाला."

बाबा अर्जुनी मोरगावच्या धान खरेदी केंद्रावर होते. दिवाळीनंतरच्या हंगामाचा पहिला दिवस. आधी कॉम्प्युटरवर नोंद, मग काटा, असा तिथला क्रम. टोकन त्याच दिवसापुरतं. हुकलं की पुन्हा नंबर लावा. आमच्या बांध्यांतला, म्हणजे फक्त पावसाळ्यात पिकणाऱ्या बांधाच्या शेतांतला, धान उघड्यावर पडलेला आणि आभाळ भरून आलेलं.

ज्या संस्थेचं ते केंद्र, तिचं नेटवर्क गोंदियातली आमची छोटी कंपनी सांभाळते. खरं तर मीच सांभाळतो. मी बाबांना आमच्या धंद्यातला सगळ्यात जुना सल्ला दिला, राउटर बंद करून चालू करायला सांगा.

"तीनदा केला. ऑपरेटर बाईनं आता उदबत्तीबी लावली."

मी लॉग उघडला. अर्जुनीहून येणारी प्रत्येक विनंती फायरवॉल परत पाठवत होता.

फायरवॉल म्हणजे नेटवर्कचा दरवान. कोणाला सोडायचं, कोणाला नाही, याची नियमांची यादी त्याच्याकडे असते. यादीत नाव नाही त्याला तो सोडत नाही, मग तो साहेब असो की साहेबाचा बाप. आमच्याकडे केंद्रागणिक असा एक दरवान आहे आणि सगळ्यांच्या याद्या गोंदियातल्या एका मॅनेजमेंट सर्व्हरवर असतात. दिवाळीआधी तो सर्व्हर बदलायचा होता. जुन्या पद्धतीनं एकेक नियम हातानं भरायचा म्हणजे तीन दिवस नुसती क्लिक-क्लिक. मला कंटाळा आला आणि मी स्क्रिप्ट लिहिली. ती एक्सेल शीट वाचते आणि सर्व्हर आपोआप कॉन्फिगर करते. अकरा मिनिटांत काम फत्ते!

इथंच थांबलो असतो तर शहाणा ठरलो असतो. पण हुशारी अंगात आली की गप्प बसवत नाही. मी स्क्रिप्टला आणखी एक काम लावलं. प्रत्येक नियम किती वेळा वापरला गेला, ते सर्व्हर मोजतो; जुन्या सर्व्हरवरचे आकडे मी नव्यावर आणले होते. नव्वद दिवसांत एकदाही न वापरलेला नियम म्हणजे अडगळ, तो काढून टाक. स्क्रिप्टनं यादी निम्मी केली. याच साफसफाईबद्दल सर आज थाप मारत होते.

आता माझ्या डोक्यात प्रकाश पडला. खरेदी केंद्रं उन्हाळी धान घेऊन बंद होतात ती थेट दिवाळीनंतर उघडतात. पावसाळाभर त्यांचे नियम कोण वापरणार? माझी स्क्रिप्ट केंद्रांचेच नियम झाडून मोकळी झाली होती. धानाच्या घरात वाढलेल्या माणसाला हे सुचू नये? मला खरोखर लाज वाटली.

"सर, गलती मेरी है," मी म्हणालो आणि सगळं सांगितलं.

सरांचा पाठीवरचा हात खाली आला. "तो वापस डाल ना, यार! ग्यारह मिनट ही तो लगते हैं तेरे को."

काढलेल्या नियमांची फाइल मी जपून ठेवली होती, तेवढी अक्कल शाबूत होती. स्क्रिप्ट चालवली. अकरा मिनिटं आम्ही दोघं स्क्रीनकडे बघत बसलो. नियम आले. आणि लगेच गेले! नवीन नियमाचा वापर शून्य, म्हणजे अडगळ. स्क्रिप्टनं इमानेइतबारे पुन्हा साफसफाई केली होती.

"ये क्या है?" सर ओरडले. "अब हाथ से डाल. पहले अर्जुनी!"

मग ज्या क्लिक-क्लिकचा मला कंटाळा होता, तीच करत बसलो. बाबांचे मध्ये दोन फोन आले. एकदा "थेंब पडून राहिले", दुसऱ्यांदा "ताडपत्री टाकली, पन पुरत नाई". शेवटचा नियम भरून यादी अर्जुनीच्या फायरवॉलवर पाठवली. दोन मिनिटांनी फोनवर मागून गलका ऐकू आला, "झालं, झालं!" ऑपरेटर बाईंनी पहिली नोंद घेतली होती. मग स्क्रिप्टमधली साफसफाई बंद करून ती पुन्हा चालवली आणि बाकीची केंद्रं संध्याकाळच्या आत सुरू झाली. बाबांच्या पोत्यांचा वरचा थर ओला झाला, पण काटा त्याच दिवशी झाला.

स्क्रिप्ट आजही वापरतो. नव्वदच्या जागी आता चारशे दिवस आहेत आणि काहीही काढण्याआधी ती केंद्रावरच्या माणसाचा होकार मागते.

रविवारी घरी गेलो तेव्हा बाबांना खरं काय ते सांगितलं. तीन महिने ज्याचा वापर नाही ते काढून टाकायचं, असा हिशेब होता म्हणालो. ते जेवता जेवता थांबले.

"मंग आपल्या धानाच्या बांध्याबी काढून टाक," ते म्हणाले. "उन्हाळाभर तेथीबी कोणी जात नाई."