डंबेल्स आणि माझा डावा हात

माझं गाव वाशीमकडचं. सातवीत शाळा सुटली आणि पुढे निफाडकडे द्राक्षबागेच्या कामाला आले. एका वर्षी सायकलवरून पडून डावा हात मोडला. प्लास्टर निघालं, पण हात खांद्याच्या वर जाईना. विरळणी तीन आठवड्यांवर आली होती. मांडवाखाली उभं राहून, दिवसभर हात वर धरून, घडातले जादा मणी कात्रीनं काढायचे. हात वर गेला नाही तर टोळीत जागा नाही, आणि जागा नाही तर गावाला परत. जेवतानासुद्धा माझ्या डोक्यात तेच.

मालकांच्या सूनबाई, आमच्या वहिनी, घरीच व्यायाम करायच्या. त्यांनी आपले गुलाबी डंबेल्स आणून दिले, एकेक किलोचे. म्हणाल्या, "डॉक्टरांनी सांगितलंय ना? सकाळी दहा वेळा, संध्याकाळी दहा वेळा. त्याच्यावर नाही हं."

आम्ही उक्त्या कामाची माणसं. जितकं जास्त उरकेल तितके पैसे जास्त, एवढंच आम्हाला ठाऊक. दहानं काय होणार? मी शंभर केले. तिसऱ्या दिवशी खांदा असा सुजला की वेणीसुद्धा घालता येईना.

आमच्या मुकादम मावशींनी ते बरोबर हेरलं.

"किती केलंस गं?"

"शंभर."

"आगं बाई! बाग उक्ती घेतली का काय तू? हात हाय तो तुझा!"

सगळ्या बाया हसल्या. मला मात्र रडू फुटलं. मावशी जवळ येऊन बसल्या. "आपण मणी का काढतो? सगळेच ठेवले तर एकबी फुगत नाय. तसंच हाय हे."

सूज उतरेपर्यंत त्यांनी डंबेल्सना हात लावू दिला नाही. नंतरही ते स्वतःच्या पिठाच्या डब्यामागे ठेवले. सकाळ-संध्याकाळ काढून द्यायच्या, समोर बसून मोजायच्या आणि दहा झाले की हातातून काढूनच घ्यायच्या.

"अजून दोनच, मावशी."

"नाय म्हनलं ना. लय शहाणी!"

हात रोज बोटभर वर सरकत गेला. पण विरळणीच्या पहिल्या सकाळी तो कानापर्यंतच पोचत होता. मी टोळीमागं बागेत शिरले. मावशींनी ओळी वाटल्या आणि मला कडेची दिली. सुरुवात केली तर घड सहज हाताला लागले. वाटलं, बरा झाला की हात! मग शेजारच्या ओळीत पाहिलं. तिथल्या बाया टाचा उंचावून उभ्या होत्या. माझ्या ओळीत मांडवाच्या तारा ढिल्या पडून वेल खाली आला होता.

मी मावशींकडे वळले.

"बघती काय?" त्या खेकसल्या. "कात्री चालव."

मी मान खाली घातली, डोळे पुसले आणि पुढचा घड धरला.