उंदरांचा उपवास

राजारामपुरीजवळच्या एका फार्मसी कॉलेजात मागच्या अंगाला पांढऱ्या उंदरांची खोली आहे आणि तिचा सगळा कारभार दादासोंकडे. मूळ गाव शाहूवाडीकडचं, भाताच्या चिखलात वाढलेला जीव. गावी उंदीर दिसला की पायताण उगारणारा हा माणूस इथं पिंजऱ्यापुढं आला की आवाज खाली आणतो. "पावणं, सरका जरा," म्हणत भुसा बदलतो. पोरं हसतात. हसू देत, परक्या घरी आलेल्याला पावणंच म्हणायचं असतं, असं दादासोंचं म्हणणं.

संघप्रिया तिथं पीएच.डी. करत होती. एका औषधानं उंदरांचं नाक बधिर होतं का, हे तिला बघायचं होतं. पद्धत साधी. रात्रभर पोट रिकामं ठेवलेल्या उंदराच्या पिंजऱ्यात भुशाखाली बिस्किटाचा तुकडा पुरायचा आणि तो किती वेळात हुडकतो ते बघायचं. पहिल्या चाचणीच्या आदल्या संध्याकाळी निघता निघता तिनं सांगितलं, "मामा, आज सगळ्यांना उपवास हं."

दादासोंनी ते अगदी मनावर घेतलं.

सकाळी भलतंच झालं. औषध दिलेले उंदीर बिस्किटाकडं फिरकले नाहीत, ते एक वेळ ठीक. पण औषध न दिलेलेही कोपऱ्यात बसून मिशा पुसत राहिले. एक तर बिस्किट पुरलं होतं तिथंच अंग टाकून झोपला. संघप्रियाचा चेहरा उतरला. तिनं तिच्या मार्गदर्शक सरांना फोन लावला. खोलीत नाकाचा काही आजार शिरला असणार, सर म्हणाले. तसं असेल तर एकही उंदीर ठेवता येणार नाही, सगळे मारावे लागतील.

दादासोंनी हातातली बादली खाली ठेवली. आजारी कसले, काल तर सगळे चवीनं खात होते, असं ते म्हणाले.

"काय खात होते?"

"शेंगदाण्याचं कूट. उपवासाला चालतंय की. साबुदाणा बी देणार हुतो, पर म्हटलं, पोटाला जड."

संघप्रिया बघतच राहिली. तिच्या घरी कुणी उपवास धरत नसे; उपवास म्हणजे पोटात काहीच नाही, एवढंच तिला ठाऊक. इकडं दादासोंची बायको बाळाबाई सोमवार धरायची, त्या दिवशी घरात दोन पदार्थ जास्तच व्हायचे. संघप्रिया स्टुलावर बसली आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली. मग म्हणाली, "परवा परत घेऊ, मामा. पण उपवास नाही. उपाशी."

"निव्वळ उपाशी?"

"पाणी असू दे."

शब्द दादासोंच्या जिवावर आला. पण उंदीर जगवायचे तर दुसरा इलाज नव्हता. ठरल्या संध्याकाळी त्यांनी पिंजऱ्यांतलं खाणं काढलं, बाटल्या भरल्या आणि उचगावला घरी गेले. बाळाबाईनं वाढलेलं ताट तसंच झाकून ठेवायला लावलं. ती चिडली, पण ते पाणी पिऊन झोपले.

सकाळी औषध न दिलेल्या पहिल्याच उंदरानं नाक वर केलं, भराभरा भुसा उपसला आणि बिस्किट पुढच्या दोन्ही पायांत धरून कुरतडायला लागला. पाठोपाठ दुसराही.

"बरी हायती," दादासो हळूच म्हणाले.

शेवटच्या पिंजऱ्यात खाणं पडल्यावर ते बाहेर पायरीवर जाऊन बसले आणि त्यांनी भाकरीचा डबा उघडला.