माईकवरून घेतलेलं नाव

ओझरच्या विमानतळावर आमचे मालक जीप चालवायचे. ते गेल्यावर तिथल्याच गाड्यांच्या शेडमध्ये मला कामाला घेतलं. शिक्षण चौथीपर्यंत. आधी झाडू मारला, पाणी भरलं, मग चाव्यांच्या खिडकीत बसवलं. विमान उतरलं की कोणती गाडी नाशिकरोड स्टेशनला, कोणती सातपूरला, ते आतून चिठ्ठीवर यायचं. मी त्या ड्रायव्हरला चावी द्यायची.

मला पुरुषमाणसांना हाका मारणं जमेना. म्हणून मी चावीनं खिडकीच्या पत्र्यावर ठोके द्यायचे. तीन ठोके म्हणजे तीन नंबरची गाडी. ड्रायव्हर हसायचे. चांदवडकडचा एक जण म्हणायचा, "वहिनी, आमच्या गावात असं कल्हईवाला ठोकतो!" पण यायचे सगळे.

दोन वर्षं असंच चाललं. मग नवे साहेब आले. एकदा विमानाच्या आवाजात ठोके ऐकू गेले नाहीत आणि उतरलेले पाहुणे अर्धा तास उन्हात उभे राहिले. साहेबांनी माईक बसवला. म्हणाले, "बाई, आजपासून नावानं पुकारायचं. जमत नसेल तर पुन्हा झाडूवर जा."

झाडूवर पगार कमी. शिवाय खिडकीशी चार माणसं दोन शब्द बोलायची. तेवढंच माझं दिवसभराचं बोलणं. घरी कोण होतं?

पहिल्या दिवशी कशीबशी चार नावं पुकारली. पाचवी चिठ्ठी जीपची आली. त्या ड्रायव्हरचं आणि आमच्या मालकांचं नाव एकच. लग्नात उखाण्यात एकदा घेतलं होतं, तेही कुजबुजत. त्यानंतर ते नाव माझ्या तोंडून कधी निघालं नव्हतं. मी ठोके दिले. कुणी आलं नाही. विमान उतरलेलं. साहेब दारात येऊन माझ्याकडे बघत राहिले.

मी डोळे मिटले आणि नाव घेतलं. कर्ण्यातून ते थेट धावपट्टीपर्यंत गेलं. मला माझाच आवाज ओळखू येईना.

जीपवाला पळत आला. मागून कुणीतरी ओरडलं, "वहिनींनी मालकांना हाक मारली रे!" दोघं-तिघं हसले. चांदवडकडचा तो म्हणाला, "गप ऱ्हा की, नाय तर उद्या चावी नाय मिळायची." जीपवाल्यानं मान खाली घालूनच चावी घेतली.

दुसऱ्या दिवशी तो लवकर आला. म्हणाला, "वहिनी, मला नुसतं जीपवाले म्हणा. साहेबांना मी सांगतो."

मी म्हटलं, "नको. नावच बरं."

त्याला वाटलं, मी साहेबांना भिते. वाटू दिलं. घरात ते नाव घेतलं तरी ओ द्यायला कुणी नव्हतं. इथं दिवसातून दोनतीनदा मी ते मोठ्यानं घ्यायची, आणि दर वेळी कुणीतरी पळत यायचं.